सायलेन्सर लावला म्हणजे आवाज जातो का?

डिसेंबर २०२० मध्ये डीआरडीओची एक बातमी देशभरातील वर्तमानपत्रांत झळकली. पुण्यातील पाषाण येथील एआरडीई या प्रयोगशाळेने विकसित केलेली ५.५६ × ३० मिलिमीटरची कार्बाइन लष्कराच्या अंतिम टप्प्यातील चाचण्यांत उत्तीर्ण झाली होती. बंदूक कानपूरच्या कारखान्यात तयार होणार होती आणि तिची काडतुसे खडकीच्या दारूगोळा कारखान्यात. रायपूरमधील एका निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षकाने ती बातमी आपल्या शिकवणीच्या मुलांना वाचून दाखवली. करोनाचे दिवस होते. घराच्या गच्चीवर, अंतर राखून, तोंडाला मास्क लावून सात-आठ मुले बसलेली असत. सर मूळचे नागपूरकडचे. तीन पिढ्यांपूर्वी कुटुंब रायपूरला आले ते तिथलेच झाले. शिकवणे हिंदीत आणि घरचे बोलणे मराठीत, अशी त्यांची आयुष्यभराची वाटणी होती.

बातमी संपताच एका मुलाने विचारले, की या बंदुकीला सायलेन्सर लावला तर आवाज मुळीच येणार नाही ना? चित्रपटात तर फक्त ‘फुस्स’ होते. इतर मुले हसली. सर हसले नाहीत. प्रश्न उत्तम आहे, उत्तर रविवारी देऊ, एवढेच ते म्हणाले.

त्याच आठवड्यात त्यांचा पुतण्या सुट्टीवर आला. तो सुरक्षा दलात होता आणि त्या वर्षी ड्रॅगुनोव्ह या ७.६२ मिलिमीटरच्या लांब पल्ल्याच्या रायफलीवर त्याचे प्रशिक्षण झाले होते. पहिल्याच संध्याकाळी काकांच्या लक्षात आले, की टीव्हीचा आवाज नेहमीपेक्षा फार मोठा आहे. जेवताना काकूंनी विचारले, “भात घेतोस का?” त्यावर तो म्हणाला, “हात धुतलेत मी.” सगळे हसले, तोही हसला. पण काकांनी आयुष्यभर वर्गात ध्वनी शिकवला होता. ‘भ’ आणि ‘ह’ यांतला गोंधळ एखाद्या वेळी कोणाचाही होतो, पण दोन दिवसांत ‘सात’चे ‘आठ’ झाले, ‘शाल’चे ‘हाल’ झाले. स, श, फ, थ यांसारख्या व्यंजनांची ऊर्जा वरच्या वारंवारतेत असते आणि तीच ऐकू येईनाशी झाली की माणसाला ‘आवाज येतो, पण शब्द कळत नाही’ असे होते.

विचारल्यावर पुतण्याने आधी टाळले. मग रात्री गच्चीवर सांगितले, की गोळीबाराच्या सरावानंतर कानात बारीक शिट्टीसारखा आवाज राहतो. पूर्वी एक-दोन तासांत जायचा, आता जात नाही. कानात घालायचे बोळे मिळाले होते. पण ते घातले की शेजाऱ्याची सूचना ऐकू येत नाही, म्हणून एका बाजूचा तो काढून ठेवी. वैद्यकीय तपासणीत सांगितले का, या प्रश्नावर तो गप्प राहिला. सैन्यात आणि सुरक्षा दलांत जवानाची प्रकृती ‘शेप’ या पाच अक्षरांनी मोजतात. त्यातले ‘एच’ म्हणजे श्रवण. ते अक्षर खाली घसरले तर नेमणुकीवर आणि बढतीवर परिणाम होतो, ही त्याची भीती. शेवटी तो म्हणाला, “काका, पुढे आम्हाला सप्रेसर मिळाला ना, की प्रश्नच मिटेल.”

म्हणजे मुलाचा प्रश्न आणि पुतण्याची आशा, दोन्ही एकच होते. काकांनी रविवारी पुतण्यालाही वर्गात बसवले.

त्यांनी दोन फुगे आणले. एक सुईने टोचला. फाटकन आवाज झाला. दुसऱ्यावर चिकटपट्टीचा तुकडा लावून त्या पट्टीतूनच सुई टोचली. फुगा फुटला नाही. हवा हळूहळू निघून गेली. हवा तितकीच, दाब तितकाच. फरक होता तो हवा बाहेर पडण्यास लागलेल्या वेळाचा. सायलेन्सरचे सारे तत्त्व एवढेच आहे. रायफलीच्या नळीत बारूद जळून निर्माण झालेला वायू प्रचंड दाबाखाली असतो. गोळी नळीच्या तोंडातून निसटते त्या क्षणी तो मोकळ्या हवेवर आदळतो आणि आपल्याला स्फोट ऐकू येतो. सप्रेसर म्हणजे नळीच्या पुढे बसवलेली एक पोकळ नळी. आत पडद्यांमागे पडदे असतात आणि मधोमध गोळीपुरते भोक. गोळी सरळ निघून जाते. वायू मात्र कप्प्याकप्प्यांत अडतो, पसरतो, थंड होतो आणि सावकाश बाहेर येतो. मोटारसायकलच्या धुराड्याला आपण सायलेन्सर म्हणतो, त्याचेही काम हेच.

या यंत्राच्या इतिहासात बाप-लेकाची एक कथा आहे. हायरम मॅक्सिम यांनी १८८४ मध्ये मशीनगन बनवली. वर्षानुवर्षे स्वतःच्या बंदुकांच्या चाचण्या घेऊन उतारवयात ते जवळजवळ बहिरे झाले. त्यांचे चिरंजीव हायरम पर्सी मॅक्सिम यांनी १९०९ मध्ये बंदुकीच्या सायलेन्सरचे पेटंट घेतले. बापाने जगाला जो आवाज दिला, तो कमी करण्याचे यंत्र लेकाने विकले. पुतण्याने हे ऐकून मान खाली घातली, हे काकांनी पाहिले आणि न पाहिल्यासारखे केले.

मग त्यांनी फळ्यावर आकडे मांडले. मोठ्या रायफलीच्या तोंडाशी आवाजाचा शिखरदाब साधारण १६० ते १७० डेसिबलपर्यंत जातो. चांगला सप्रेसर त्यातून २० ते ३५ डेसिबल कमी करतो. डेसिबल ही गुणाकाराची मोजपट्टी आहे. २० डेसिबल कमी म्हणजे दाब दहापट कमी आणि ३० डेसिबल कमी म्हणजे सुमारे बत्तीसपट कमी. ही घट लहान नाही. तरीही १६५ मधून ३० गेले तर १३५ उरतात. हा आकडा किती मोठा, हे मुलांना दिवाळीवरून कळले. आपल्या देशात फटाक्यांना ४ मीटर अंतरावर १४५ डेसिबल शिखरदाबाची कमाल मर्यादा आहे. म्हणजे सप्रेसर लावलेली रायफलही सुतळी बॉम्बच्याच घराण्यातली. आघाती आवाजासाठी धोक्याची रेषा १४० डेसिबल धरली जाते. सप्रेसर त्या रेषेच्या जेमतेम खाली आणतो, आणि तेही एका गोळीपुरते. दिवसभरात शंभर गोळ्या झाडल्या तर हिशेब पुन्हा बदलतो.

इथे एक मुलगी म्हणाली, मग सायलेन्सर अजून लांब करायचा. सरांनी पिशवीतून दोरी काढली आणि लहानपणीची आठवण सांगितली. आजोळी, लातूरकडे, दारात पोतराज यायचा. तो आसूड फिरवायचा आणि हवेत काडकन आवाज व्हायचा. आसूड कशावरही आपटत नसे, मग आवाज कशाचा? दोरीतून पुढे सरकणारा वळसा टोकाकडे जाताना वेगवान होत जातो आणि शेवटी ध्वनीच्या वेगाला मागे टाकतो. त्या क्षणी हवेत आघाततरंग उठतो. पोतराजाच्या अंगणातला तो कडाका म्हणजे छोटासा सॉनिक बूमच होता.

ड्रॅगुनोव्हची गोळी सेकंदाला सुमारे ८३० मीटर वेगाने निघते. ध्वनीचा वेग ३४० मीटरच्या आसपास. म्हणजे ही गोळी उड्डाणाच्या मोठ्या टप्प्यात आपल्याबरोबर आसुडाचा कडाका घेऊनच जाते. तिच्या मागे आघाततरंगाचा शंकू तयार होतो. त्याच्या निम्म्या कोनाची ज्या म्हणजे ध्वनीचा वेग भागिले गोळीचा वेग. या गोळीसाठी तो कोन सुमारे २४ अंश येतो. १८७०-७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात वेगवान फ्रेंच रायफलींच्या जखमा इतक्या भयंकर दिसल्या, की स्फोटक गोळ्या वापरल्याचा आरोप झाला. त्याच काळात हेही लक्षात आले होते, की वेगवान गोळी झाडली की दोन आवाज येतात आणि मंद गोळी झाडली की एकच. एर्न्स्ट माख यांना त्यातून दिशा मिळाली आणि १८८६ मध्ये पीटर साल्खर यांनी त्यांच्या सूचनेनुसार गोळीच्या आघाततरंगाचे छायाचित्र टिपले. न दिसणारा आवाज काचेच्या पट्टीवर उमटला.

हा दुसरा आवाज नळीत जन्मतच नाही. तो गोळीच्या वाटेवर, शेतावर, झाडांवर, ऐकणाऱ्याच्या कानाशी जन्मतो. नळीवर कितीही लांब सप्रेसर लावला तरी त्याला हात लागत नाही. मात्र तो ऐकणाऱ्याला फसवतो. आघाततरंग शंकूच्या पृष्ठभागाला लंब दिशेने येत असल्यामुळे आवाज बाजूच्या झाडीतून आल्यासारखा वाटतो. नळीचा स्फोट त्यानंतर येतो आणि खरी दिशा सांगतो. या दोन आवाजांतील वेळेवरून अनुभवी जवान गोळीबार करणाऱ्याचे अंतर अजमावतो. पुतण्याने स्वतःहून सांगितले, “कडक आधी, धप् नंतर. आम्ही मोजतो.” ‘कडक’ हा शब्द मुलांना फार आवडला.

कडाका नको असेल तर गोळीच ध्वनीपेक्षा मंद ठेवावी लागते. तिला सबसॉनिक म्हणतात. इथे रायपूरचे हवामान उदाहरणाला धावून आले. हवेतील ध्वनीचा वेग तापमानाबरोबर वाढतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो तेव्हा तो सेकंदाला सुमारे ३५८ मीटर असतो. डिसेंबरच्या पहाटे १० अंशांवर तो ३३७ मीटरवर येतो. समजा एखादी गोळी सेकंदाला ३४५ मीटर वेगाने जाते. ती रायपूरच्या उन्हाळ्यात सबसॉनिक आहे आणि त्याच गच्चीवरून हिवाळ्यात ती ध्वनीच्या पुढे गेलेली आहे. शिवाय ध्वनिवेगाच्या अगदी जवळ पोहोचलेल्या गोळीभोवती काही ठिकाणी हवेचा प्रवाह ध्वनीहून वेगवान होतोच. म्हणून अशी काडतुसे सेकंदाला ३०० ते ३२० मीटरच्या आसपास, म्हणजे हाताशी अंतर राखून बनवतात.

वेग कमी केला की किंमत मोजावी लागते. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. १० ग्रॅमची गोळी ८३० मीटर वेगाने सुमारे ३४०० जूल ऊर्जा नेते. तीच गोळी ३१० मीटरवर आणली तर ४८० जूल उरतात, म्हणजे सातवा हिस्सा. वेगाला छत आहे, पण वस्तुमानाला नाही. म्हणून ज्यांना मंद आणि तरीही जड प्रहार हवा त्यांनी मोठी नळी निवडली. रशियाने ९ × ३९ मिलिमीटरच्या काडतुसात १६ ग्रॅमची गोळी घेतली. पुढे १२.७ × ५५ मिलिमीटरच्या ‘विखलोप’ रायफलीत गोळीचे वजन ६० ते ७६ ग्रॅमपर्यंत नेले. ७६ ग्रॅमची गोळी ३०० मीटर वेगाने निघाली तर ऊर्जा ३४२० जूल, म्हणजे ड्रॅगुनोव्हची ऊर्जा परत मिळाली. पण फुकट नव्हे. संवेग ८.३ वरून जवळजवळ २३ किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद झाला. तो सगळा धक्का खांद्याला. आणि अशा गोळीला ३०० मीटर जायला एक सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो. एका सेकंदात कोणतीही वस्तू ४.९ मीटर खाली येते, म्हणजे जवळपास दीड मजला. ड्रॅगुनोव्हची गोळी त्याच अंतरात सुमारे ८० सेंटिमीटर पडते. मंद गोळीचा नेम धरणाऱ्याने अंतर जरा चुकीचे ओळखले, तरी गोळी लक्ष्यावरून किंवा लक्ष्याखालून निघून जाते. एक गंमतही आहे. अशा गोळीपेक्षा तिचा आवाजच लक्ष्यापाशी आधी पोहोचतो.

ही युक्ती नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये विल्यम गॉडफ्रे द लाइल यांनी घडवलेली कार्बाइन ली-एनफिल्ड रायफलीचाच सांगाडा वापरत होती. त्यात .३०३ ऐवजी .४५ बोअरची, सुमारे १५ ग्रॅमची, जात्याच मंद असलेली पिस्तुलाची गोळी वापरली जाई आणि नळीभोवती लांबलचक सप्रेसर असे. तिरुचिरापल्लीत तयार झालेली आपली ‘विध्वंसक’ ही रायफल अगदी उलट टोकाची आहे. १२.७, १४.५ आणि २० मिलिमीटर अशा तीन बोअरमध्ये ती वापरता येते. तिचे काम दूरचे, भरभक्कम लक्ष्य भेदणे. तिथे मंद गोळी निरुपयोगी आणि कडाका अटळ. अशा मोठ्या रायफलींच्या तोंडाशी धक्का कमी करण्यासाठी मझल ब्रेक असतो. तो वायू बाजूला आणि मागे फेकतो. खांदा वाचतो, पण स्फोटाचा मोठा वाटा झाडणाऱ्याच्याच कानाकडे वळतो. सप्रेसर वायू पुढे नेतो आणि धक्काही थोडा कमी करतो. फिनलंड, नॉर्वे यांसारख्या देशांत शिकारी तो कान वाचवण्यासाठीच सर्रास वापरतात.

शेवटी एका मुलाने विचारले, की मग आपल्याकडे तो दुकानात का मिळत नाही? सरांनी सांगितले, की शस्त्र नियमांच्या पहिल्या अनुसूचीत, सर्वांत कडक निर्बंधांच्या वर्गात, बंदुकीचा आवाज किंवा झोत कमी करणाऱ्या साधनांचा समावेश आहे. कारण काझीरंगाकडे पाहिले की कळते. गेंड्यांच्या शिकाऱ्यांकडून सायलेन्सर बसवलेल्या .३०३ रायफली वेळोवेळी जप्त झाल्या आहेत. त्या गोळ्या ध्वनीहून वेगवानच असतात. कडाका होतोच, पण दिशा दाखवणारा स्फोट दबतो. उंच गवतात उभ्या असलेल्या वनरक्षकाला एवढीच दिशाभूल पुरे असते. ज्या नळीने जवानाचा कान वाचतो, तीच नळी दुसऱ्याच्या हातात गेंड्याची शेवटची खूण पुसते. नळीला दोन्ही सारखेच. म्हणून ती कोणाकडे आहे, हे समाजाला विचारावे लागते.

मुले गेल्यावर पुतण्या फळ्यासमोर उभा राहिला. १६५, ३०, १३५ हे आकडे अजून पुसले नव्हते. “म्हणजे सप्रेसर मिळाला तरी बोळे घालावेच लागणार,” तो म्हणाला. काका म्हणाले, “दोन्ही कानांत. आणि शेजाऱ्याच्या रायफलीला सप्रेसर नसेल, तर तुझ्या सप्रेसरचा तुला काय उपयोग?” हे त्याच्या ध्यानात आले नव्हते. सरावाच्या ओळीत दोन्ही बाजूंना रायफली असतात.

मग काकांनी त्याला कानाची रचना समजावली. आतल्या शंखाकृती नळीत सुमारे १५ हजार केशपेशी असतात. प्रत्येक पेशीच्या माथ्यावर अतिसूक्ष्म केसांचा झुबका. शेतात वारा सुटला की धान पिकाची ओंब्या लवतात आणि उठतात, तसे हे केस आवाजाने हलतात. नेहमीच्या संभाषणात कानावर पडणारा दाब पास्कलच्या पन्नासाव्या भागाएवढा असतो. १६५ डेसिबलचा आघात सुमारे साडेतीन हजार पास्कलचा, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या साडेतीन टक्के. अशा वादळात काही ओंब्या लवून पुन्हा उठतात. काही मोडतात. पक्ष्यांमध्ये या पेशी पुन्हा उगवतात, सस्तन प्राण्यांत नाही. ज्या शिट्टीला तो एक-दोन तासांची म्हणत होता, ती पेशी थकल्याची खूण होती. न जाणारी शिट्टी त्यापुढची.

“तपासणीत खोटे बोललास तर अक्षर वाचेल,” काका म्हणाले. “कान वाचणार नाही. आणि एखाद्या रात्री जंगलात ‘थांब’ आणि ‘लांब’ यांत तुझी गल्लत झाली तर ती तुझ्या एकट्याची राहणार नाही.” एवढेच बोलून ते खाली गेले.

दुसऱ्या दिवशी पुतण्या स्वतः शहरातल्या एका रुग्णालयात गेला. ध्वनिरोधक खोलीत बसून त्याने बटण दाबत दाबत परीक्षा दिली. ऑडिओग्रामवर रेषा बऱ्याच अंतरापर्यंत सरळ होती. ४००० हर्ट्झपाशी ती खड्ड्यासारखी खाली जाऊन ८००० कडे पुन्हा थोडी वर आली होती. आघाती आवाजाने झालेल्या इजेची ही ओळखीची खूण. एक बाजू दुसरीपेक्षा वाईट होती. ज्या कानातला बोळा तो काढून ठेवी, तीच. डॉक्टरांनी सांगितले, की गेलेले परत येणार नाही, पण उरलेले टिकवता येईल.

सुट्टी संपवून निघताना त्याच्या पिशवीत दोन कागद होते. एक तो ऑडिओग्राम, जो तो या वेळी दाखवणार होता. दुसरा वहीचा, ज्यावर काकांनी काही गणिते लिहून दिली होती. आपल्या तुकडीतल्या नव्या पोरांना त्याला ती समजावायची होती. अक्षराचे काय होईल हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. काकूंनी दारात विचारले, “पोहोचल्यावर फोन करशील ना?” त्याने चांगला कान त्यांच्याकडे वळवला आणि म्हणाला, “करेन.”

#विज्ञान #ध्वनी #श्रवणआरोग्य #रायपूर